सात सेकंदांची कार्ब हीट: हवेत अडखळलेल्या इंजिनाचं एक प्रकरण

हे प्रकरण संबंधित वैमानिकेच्या संमतीनं लिहितो आहे. तिचं नाव, ठिकाणं आणि विमानाची नोंदणी वगळली आहे. वेळा, उंची आणि इंजिनाचे आकडे मात्र आम्ही दोघांनी नंतर बसून जसे काढले तसेच ठेवले आहेत. तिला विमान चालवायला मी शिकवलं आणि ज्या विमानात हे घडलं तेही मी नेहमी चालवतो. त्यामुळे यात मी त्रयस्थ नाही, हे वाचणाऱ्यानं सुरुवातीलाच लक्षात ठेवावं.

पार्श्वभूमी

वैमानिकेला खासगी परवाना मिळून चौदा महिने झाले होते. एकूण १३८ तास, त्यातले नव्वदच्या आसपास याच विमानावर. विमान सत्तरच्या दशकातलं चार आसनी सेस्ना १७२. लायकमिंग ओ-३२० इंजिन, कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चालणारं, आणि पात्यांचा कोन न बदलणारा प्रोपेलर. १९९६ नंतरच्या १७२ मध्ये फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, त्यामुळे पुढे सांगतोय तो कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याचा त्रास त्या विमानांना होत नाही. पण शिकायला आणि हौसेनं उडायला वापरली जाणारी जुनी विमानं अजून मोठ्या संख्येनं कार्ब्युरेटरवरच आहेत.

प्रवास ८६ नॉटिकल मैलांचा होता. शेजारच्या आसनावर तिचा मोठा भाऊ. तो पहिल्यांदाच छोट्या विमानात बसला होता आणि हातात फोन धरून खालचं दृश्य टिपत होता. या फोनचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

निघताना जमिनीवर तापमान १९ अंश आणि दवबिंदू ११ होता. दोन्हींत ८ अंशांचं अंतर, म्हणजे आर्द्रता साधारण ६० टक्के. तिनं हे आकडे पाहिले आणि हवा तशी कोरडीच आहे असं मानलं. ढग तुटक होते, त्यांचा तळ जमिनीपासून सुमारे ३,२०० फुटांवर. खालचा भूभाग समुद्रसपाटीपासून ६०० फूट उंच. तिनं ३,००० फूट उंची धरली, म्हणजे जमिनीपासून २,४०० फूट वर आणि ढगांच्या तळापासून ८०० फूट खाली.

यात एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटली, आणि खरं सांगायचं तर मी असतो तर माझ्याही निसटली असती. वर जाताना हवा दर हजार फुटांमागे सुमारे ३ अंशांनी थंड होते, पण दवबिंदू तेवढा झपाट्यानं उतरत नाही. दोन्ही आकडे जवळ येत जातात आणि जिथे मिळतात तिथे ढग धरतो. जमिनीवर आठ अंशांचं अंतर दिसत असलं तरी तिच्या उंचीवर ते जेमतेम दोन अंश उरलं होतं. बाहेर १२ अंश तापमान आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता. ढगाच्या तळाखालून उडणारं विमान त्या दिवशीच्या सर्वांत ओल्या हवेतून जात असतं, खाली हवामान केंद्राचा आकडा काहीही असो.

कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा अरुंद जागेतून वेगानं जाते आणि तिचा दाब पडतो. तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून खेचली जाते. तापमान ३० अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. त्यामुळे बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असली तरीही आत बर्फ धरू शकतो, असं अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेचं वैमानिकांसाठीचं हस्तपुस्तक सांगतं. बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थंडी येते, आणि नेमकी तीच समजूत इथे घात करते.

अडचण कशी वाढत गेली

उड्डाणानंतर २२व्या मिनिटाला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात (आरपीएम) ते दाखवणारा काटा, २,३५० वरून २,२५० वर आलेला तिला दिसला. तिनं इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, थ्रॉटल, अर्ध्या बोटाएवढा पुढे सरकवला आणि काटा परत जागेवर आला. २९व्या मिनिटाला तेच झालं. ३४व्या मिनिटाला पुन्हा. प्रत्येक वेळी हातानं थोडं पुढे ढकलायचं आणि बाहेर बघायचं.

"थ्रॉटलचा स्क्रू सैल असेल असं वाटलं," ती नंतर म्हणाली. थ्रॉटल आपोआप मागे सरकू नये म्हणून त्याला एक घर्षणाची चकती असते आणि ती सैल झाली की हे होतं, हे खरं आहे. पण तसं असेल तर थ्रॉटलचा दांडा मागे आलेला दिसायला हवा. इथे दांडा जागेवर होता, काटा तेवढा उतरला होता. स्थिर कोनाच्या प्रोपेलरवर कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची पहिली खूण हीच: काही न बदलता आरपीएम हळूहळू पडतो.

३७व्या मिनिटाला इंजिन थरथरायला लागलं. पायाखालची फळी हलते तशी थरथर. भाऊ म्हणाला, "हे नेहमी असंच होतं का गं?" तिनं उत्तर दिलं नाही. तिचा हात कार्ब हीटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणाऱ्या दांड्याकडे गेला आणि तिनं तो पूर्ण बाहेर ओढला.

इथवर सगळं बरोबर होतं. पण ओढल्याबरोबर इंजिन आणखी बिघडलं. खोकल्यासारखे दोन-तीन झटके आले, आरपीएम खाली गेला, आणि तिनं दांडा परत आत ढकलला.

सात सेकंद

ती म्हणत होती की तिनं कार्ब हीट अर्धा मिनिट तरी ठेवली होती. खोटं बोलण्याचं तिला काहीच कारण नव्हतं, तिला तसंच आठवत होतं. पण फोनमध्ये वेगळं निघालं.

भावानं इंजिन थरथरल्यावर फोन मांडीवर ठेवला होता आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. चित्रात त्याचे गुडघे आणि सीटचा पट्टा याशिवाय काही नाही. आवाज मात्र अखंड आहे. दोन पात्यांचा प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसलेला असतो, म्हणून एका फेरीत दोन ठोके पडतात. २,३५० आरपीएमला सेकंदाला ७८ ठोके, २,०५० ला ६८, १,८५० ला ६२. फोनवरच्या साध्या आवाज-विश्लेषकात ही रेघ स्वच्छ दिसते. आम्ही टेबलावर कागद पसरून दर पाच सेकंदांचा आकडा लिहून काढला.

दांडा ओढल्याचा खटका ऐकू येतो. रेघ खाली घसरते. परत खटका. मधे सात सेकंद.

ती बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं ते इथेही लिहितो. कार्ब हीट ओढली की एक्झॉस्टभोवतीची गरम हवा इंजिनात येते. गरम हवा विरळ असते, म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आत आधीच बर्फ साचून हवा अडलेली असेल तर ते अगोदरच वाढलेलं असतं. शिवाय बर्फ वितळून त्याचं पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे उपाय लागू पडत असतानाच इंजिन सर्वांत वाईट चालतं. ज्यानं हे कधी कानांनी ऐकलेलं नाही तो त्या क्षणी दांडा आत ढकलणारच. तिनं हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ऐकलं नव्हतं, कारण मी तिला कधी ऐकवलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

आता आरपीएम २,०५० वर होता, थरथर चालू होती आणि विमान मिनिटाला शंभरेक फूट खाली येत होतं. पुढचं मिनिटभर तिनं पेट्रोलची टाकी निवडायची कळ दोन्ही टाक्यांवर आहे ना, प्रायमर (इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारा पंप) बंद आहे ना, मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा दांडा) कुठे आहे, हे हात लावून पाहिलं. मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रं, एकेक करून तपासायचा विचार आला, पण एवढ्या उंचीवर चालू इंजिनाची ठिणगी काढून बघायची नाही असं तिनं ठरवलं. तो निर्णय मला योग्य वाटतो.

ठरवलेलं ठिकाण २६ मैल पुढे होतं, म्हणजे पंधरा मिनिटं. तिथे लांब धावपट्टी, टॉवर, अग्निशमन, आणि भावाचं काम. निघालेलं ठिकाण ६० मैल मागे, ते बादच. उजवीकडे थोडी मागे, सात मैलांवर, ७५० मीटरची डांबरी पट्टी होती. तिथे कुणी नसतं, पण नकाशावर ती होती आणि निघण्यापूर्वी तिनं तिच्यावर पेन्सिलनं गोल केलेला होता. चौथा पर्याय म्हणजे इंजिन हाताशी असतानाच खालच्या मोकळ्या शेतात उतरणं.

इंजिन पूर्ण बंद पडलं असतं तर हे विमान हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगलं असतं. २,४०० फुटांवरून साडेतीन मैल. म्हणजे सात मैलांवरची पट्टीसुद्धा त्या क्षणी तरंगत गाठण्याच्या पलीकडे होती. तिकडे वळायचं तर वाटेतलं कुठलं शेत बरं आहे हे बघत बघतच जायला हवं होतं.

अर्धवट ताकद राहिलेलं इंजिन वैमानिकाला फसवतं, कारण ते पर्याय शिल्लक ठेवतं. पूर्ण बंद पडलं तर खाली उतरण्यावाचून मार्गच नसतो, आणि त्याचा सराव आपण शंभर वेळा केलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा मंडळानं २००० ते २०१० या काळातल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या होत्या. उड्डाणानंतर लगेच ताकद अंशतः गेल्याच्या २४२ घटना आणि त्यांत ९ जीवघेणे अपघात. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना, आणि त्यांत एकही जीवघेणा अपघात नाही. हे आकडे चढतानाच्या टप्प्याचे आहेत, आपलं प्रकरण सपाट उड्डाणातलं आहे, पण मोह तोच: "अजून चालतंय ना, जरा पुढे नेऊ."

तिच्या मनात पुढे जाण्याचा विचार किती वेळ होता, असं मी विचारलं. "पट्टीकडे वळेपर्यंत होता," असं तिनं सरळ सांगितलं.

केलेली कृती

ती उजवीकडे वळली. वळताना भावाला म्हणाली, "दादा, पट्टा घट्ट कर. आपण जवळच्या पट्टीवर उतरतोय." त्यानं "का?" विचारलं नाही. या दोन वाक्यांचा आवाज फोनमध्ये आहे आणि तो आश्चर्य वाटावं इतका शांत आहे.

वळण पूर्ण झाल्यावर तिनं कार्ब हीट दुसऱ्यांदा ओढली. या वेळी का धरून ठेवली? तिचं उत्तर असं: "नाक पट्टीकडे होतं. इंजिन बंद पडलं तरी कुठे जायचं हे ठरलेलं होतं, म्हणून भीती कमी वाटली." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दिशा ठरल्यामुळे तिला उपाय पूर्ण करून बघण्याचा धीर आला. क्रम उलटा असता, म्हणजे आधी इंजिन दुरुस्त करू आणि मग कुठे जायचं ते बघू असं केलं असतं, तर सात सेकंदांचंच पुन्हा घडलं असतं असा माझा अंदाज आहे.

यानंतरची ४३ सेकंदं त्या आलेखातली सर्वांत वाईट आहेत. रेघ ६२ ठोक्यांवर येते, मधे तुटते, पुन्हा जुळते. तिनं मिक्श्चर थोडं मागे घेतलं, तेव्हा थरथर किंचित कमी झाली. मग एक मोठा झटका येतो, आणि दोन-तीन सेकंदांत रेघ सरळ वर चढून स्थिर होते. इंजिन गुळगुळीत चालायला लागलं. तेव्हा ती १,९०० फूट उंचीवर होती, जमिनीपासून १,३०० फूट. पट्टी तीन मैल पुढे.

इथे तिसरा निर्णयाचा क्षण आला, आणि तो बाहेरून क्षण वाटतही नाही. इंजिन आता ठणठणीत, ठरवलेलं ठिकाण आता तीसेक मैलांवर. भाऊ म्हणालाही, "झालं ना नीट?" तिनं कार्ब हीट पूर्ण ओढलेलीच ठेवली आणि पट्टीकडे जात राहिली. कारण काय ते तिला माहीत होतं, पण फक्त बहुधा. या "बहुधा"वर तिनं भावाला घेऊन आणखी तीस मैल जायचं नाही असं ठरवलं. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मला विचाराल तर हाच.

रेडिओवर तिनं माहिती सेवेला सांगितलं, "इंजिन जरा रफ चालतंय, जवळच्या पट्टीवर उतरते." पलीकडून "ठीक, उतरल्यावर कळवा," एवढंच उत्तर आलं. तिनं पॅन-पॅन, म्हणजे तातडीची अडचण असल्याचा रेडिओवरचा ठरलेला इशारा, म्हटलं नाही. "उगाच गाजावाजा नको वाटला," असं तिचं कारण. पलीकडच्या माणसाची यात चूक नाही, त्याला जे ऐकू आलं त्यावरून त्यानं ठरवलं. १९९० साली न्यूयॉर्कजवळ एव्हिएंका कंपनीचं ५२ क्रमांकाचं उड्डाण इंधन संपून कोसळलं, ७३ माणसं गेली. त्या कर्मचाऱ्यांनी प्राधान्य मागितलं होतं, पण आणीबाणी हा शब्द वापरला नव्हता. प्रवासी जेट आणि चार आसनी सेस्ना यांत बरंच अंतर आहे, रेडिओवरच्या संकोचात मात्र काहीच नाही. पॅन-पॅन तीनदा म्हटलं असतं तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी घड्याळ लावलं असतं, पट्टीची जागा टिपून ठेवली असती, आणि ती वेळेत उतरल्याचं कळलं नसतं तर मदत निघाली असती. त्यासाठी नंतर कुणी जाब विचारत नाही. विचारलाच तर द्यायला उत्तर आहे.

उतरताना ती वेगात होती. उंबरठ्यावर ८० नॉट, हवे होते साठ-बासष्ट. भीतीनं वेग धरून ठेवला जातो, हे जवळपास प्रत्येकाचं होतं. विमान पट्टीवरून तरंगत गेलं, चाकं अर्ध्याच्या पलीकडे टेकली. परत उचलायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं, कारण त्या इंजिनावर पूर्ण ताकदीचा भरवसा नव्हता. थांबली तेव्हा पुढे नव्वद मीटर डांबर उरलं होतं.

जमिनीवर

तिनं मला फोन केला. पहिलं वाक्य, "सर, आम्ही दोघं ठीक आहोत." दुसरं, "इंजिन आता अगदी छान चालतंय."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहायला हवं. वाटलं, कार्ब आईस होता, वितळला, दुपारनंतर ढग वर चढतील, मग कार्ब हीट अधूनमधून ओढत ये परत. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. निव्वळ सवयीनं मी आधी विचारलं, "रन-अपला कार्ब हीटचा ड्रॉप किती होता?" रन-अप म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची तपासणी, आणि ड्रॉप म्हणजे कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम जितका पडतो तो आकडा.

"पडला होता थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

तिला आठवेना. मी म्हटलं, इंजिन चालू करून १,७०० वर घे आणि ओढून बघ. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. "पडतो, सर. पस्तीस."

त्या विमानात तो शंभराच्या आसपास पडायला हवा. गरम हवा पुरेशी आत येत असेल तरच तेवढा पडतो. पस्तीस याचा अर्थ गरम हवा कुठेतरी वाटेतच जात होती. मी तिला विमान बांधून ठेवायला आणि किल्ली खिशात घालायला सांगितलं. भाऊ आणि ती टॅक्सीनं पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन मी तिथे पोचलो. त्यानं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण उघडलं आणि पाच मिनिटांत हाक मारली. मफलरवरच्या आवरणातून कार्ब्युरेटरच्या हवापेटीकडे गरम हवा नेणारी लवचिक नळी असते. ती खालच्या वळणावर, क्लॅम्पच्या मागे, चार बोटं लांब फाटली होती. वरून दिसत नव्हती. हात घालून फिरवली की बोट आत जायचं. फाटीच्या कडा काळ्या आणि गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ती काल-परवाची नव्हती. बाकी इंजिनात काही सापडलं नाही. मॅग्नेटो, प्लग, कॉम्प्रेशन, पेट्रोलमधलं पाणी, सगळं तपासलं. बर्फाचा तर मागमूसही नसतो, तो उतरण्याआधीच गेलेला असतो.

नळी बदलल्यावर ड्रॉप ११० आला.

आम्हाला काय दिसलं

विमानाच्या रन-अपच्या नोंदवहीत "कार्ब हीट" असा रकाना आहे. मागच्या तीन महिन्यांत तिथे ६१ बरोबरच्या खुणा होत्या. त्यातल्या १४ माझ्या. काटा पडतो का, एवढंच आम्ही सगळे बघत होतो. किती पडतो हे कुणी लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो शंभरावरून पस्तिसावर केव्हा आला ते आता कधीच कळणार नाही. नळी हळूहळू फाटली असेल तर आकडाही हळूहळू उतरला असणार, आणि आठवड्याआड उडणाऱ्याला दहा-पंधरा आरपीएमचा फरक जाणवत नाही.

हवेतलं २२वं, २९वं आणि ३४वं मिनिट आणि नोंदवहीतल्या ६१ खुणा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हीकडे आकडा बदलला होता, आणि दोन्हीकडे त्याला प्रश्न न विचारता हातानं उत्तर दिलं गेलं होतं. एका ठिकाणी थ्रॉटल ढकलून, दुसऱ्या ठिकाणी खूण करून.

काय वेगळं करता आलं असतं

तिच्या बाजूनं पहिलं म्हणजे २२व्या मिनिटाला कार्ब हीट. तेव्हा बर्फ थोडा होता, फाटक्या नळीतून येणाऱ्या कोमट हवेनंही तो बहुधा निघाला असता, आणि खोकलाही थोडक्यात आटपला असता. थ्रॉटल पुढे ढकलल्यानं लक्षण झाकलं जातं आणि पंधरा मिनिटं बर्फाला मोकळी मिळतात. दुसरं म्हणजे उंची. ढगाच्या तळापासून आणखी हजार फूट खाली हवा कोरडी होती, पण तरंगण्याचं अंतरही कमी झालं असतं. यात मी तिला दोष देणार नाही. मी कदाचित उंचीच निवडली असती आणि दर दहा मिनिटांनी कार्ब हीट ओढली असती. तिसरं पॅन-पॅन, ते वर आलंच.

अर्धी कार्ब हीट लावावी का, असं तिनं मला नंतर विचारलं. कार्ब्युरेटरचं तापमान दाखवणारं यंत्र नसेल तर नाही. गोठण्याच्या बरीच खाली असलेली कोरडी हवा अर्धवट गरम केली तर ती नेमकी बर्फ धरणाऱ्या तापमानात येऊन बसू शकते. पूर्ण ओढायची किंवा पूर्ण आत. आणि पूर्ण ओढली की इंजिन कितीही कुरकुरलं तरी धरून ठेवायची, निदान मिनिटभर.

माझ्या बाजूचं जास्त आहे. मी शिकवलेली कार्ब हीट उतरतानाच्या यादीतली होती: ताकद कमी करण्याआधी ओढायची, गो-अराउंडला, म्हणजे न उतरता परत वर जाताना, आत ढकलायची. हातानं शिकवली, कानानं शिकवली नाही. उडताना मधेच, सपाट उड्डाणात, ती ओढून शिष्याला मिनिटभर नुसतं ऐकत बसवायचं हे मी कधी केलं नव्हतं. आता करतो. खरा बर्फ मागवता येत नाही. पण पट्टीच्या वर सुरक्षित उंचीवर कार्ब हीट ओढून मिक्श्चर मुद्दाम वाढलेलं ठेवलं की इंजिनाची कुरकुर थोडीफार ऐकवता येते, आणि शिष्याचा हात दांड्याकडे परत जातो का ते बघता येतं. बहुतेकांचा जातो.

अर्धी ताकद गेल्याचा सरावही आम्ही आता वेगळा घेतो. पूर्वी मी थ्रॉटल पूर्ण मागे ओढून "इंजिन गेलं" म्हणायचो. आता १,९०० वर ठेवतो आणि काहीच म्हणत नाही. शिष्य किती वेळानं वळतो हे घड्याळावर लिहितो. हा सराव दिसतो त्यापेक्षा कठीण आहे. अनुभवी माणसंही दोन-दोन मिनिटं सरळ जात राहतात.

निष्पत्ती

नोंदवहीतला रकाना बदलला. आता तिथे खूण चालत नाही, आकडा लिहावा लागतो. ८५ च्या खाली किंवा मागच्या आकड्यापेक्षा २० नं कमी आला तर विमान जमिनीवरच राहतं आणि मेकॅनिकला कळवलं जातं. या मर्यादा आम्ही आमच्या एका विमानासाठी ठरवल्या आहेत, दुसऱ्या विमानाला त्याच्या हस्तपुस्तिकेचे आकडे लागतील. वार्षिक तपासणीत त्या नळीच्या मागच्या बाजूला हात घालून बघायचं असं मेकॅनिकनं स्वतःच्या यादीत लिहून घेतलं.

पाच आठवड्यांनी तिनं तोच प्रवास पुन्हा केला. भाऊ शेजारी बसला होता, स्वतःहून. हवा तशीच होती, तुटक ढग आणि वर गेल्यावर ओल. मी गेलो नव्हतो. संध्याकाळी तिनं मला तिच्या मांडीला बांधायच्या नी-बोर्डवरच्या कागदाचा फोटो पाठवला. दर दहा मिनिटांची नोंद, बारीक अक्षरात. चाळिसाव्या मिनिटापुढे लिहिलं होतं: ओढण्यापूर्वी २,३००. ओढल्यावर २,२००, अठरा सेकंद थोडी थरथर, मग २,२४०. आत ढकलल्यावर २,३४०.